ब्रेव्हे कार्ड परत मिळाले, त्याबद्दल आभार

आमच्या २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेचे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल सफरीचे, माझे कार्ड, अशा सफरी प्रमाणित करणाऱ्या पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबने दिलेल्या प्रमाणन क्रमांकासह, काल जळगावात माझ्या हाती पडले. सायकलस्वाराचे काम साडेतेरा तासांच्या आत संपते, तुम्हा स्वयंसेवकांचे मात्र तिथून सुरू होते. प्रत्येक कार्डावरचे शिक्के आणि वेळा पडताळायच्या, सर्वांचे निकाल एकत्र करून पाठवायचे आणि क्रमांक आले की ज्याचे कार्ड त्याला पोहोचवायचे, हे सारे तुम्ही नोकरी आणि शेती सांभाळून, एक पैसाही न घेता केलेत.

पारोळ्याजवळ पावसात माझे कार्ड भिजून एक शिक्का पुसट झाला होता. ते तसेच बाद न ठरवता, तुमच्यापैकी कोणीतरी कार्डावर शिक्का मारतात त्या नियंत्रण ठिकाणच्या वहीतील माझी वेळ शोधून जुळवून पाहिली, असे मला नंतर कळले. एवढी अपेक्षा, खरे सांगतो, मी केली नव्हती. धुळे, अमळनेर आणि चोपड्याच्या सोबत्यांची कार्डेही तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हाती जपून पाठवलीत.

तुमची नावे मला ठाऊक नाहीत, म्हणून हे आभार जाहीरपणे मानतो. कार्ड आईने देवघराशेजारच्या फडताळात ठेवले आहे.