तंबूआधी शेगडी ठरवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दुर्गम डोंगरात पाठीवर सामान घेऊन शिकारीला जाणाऱ्यांसाठी बिनतळाच्या हलक्या तंबूंची ओळख करून देणारा लेख आपल्या पुरवणीत वाचला. तंबूंची वजने त्यात ग्रॅमपर्यंत दिली आहेत, शेगडीच्या वाट्याला मात्र शेवटचा एक परिच्छेद आला. आमच्या मते क्रम उलटा हवा होता. तळ नसलेला तंबू माणूस घेतो तोच आत लाकडाची शेगडी पेटवता यावी म्हणून. शेगडी न्यायचीच नसेल, तर तळ शिवलेला साधा तंबू बहुतेक वेळा बरा. निदान उंदीर, गोचिडी आणि जमिनीवरून वाहत येणारे पाणी तरी बाहेर राहते.

कल्पना जुनीच आहे. अमेरिकन सैन्यातले हेन्री हॉपकिन्स सिब्ली यांनी तिथल्या मैदानी जमातींच्या टीपी नावाच्या तंबूवरून एकखांबी शंकूच्या आकाराचा तंबू बेतला आणि १८५६ साली त्याचे पेटंट घेतले. त्यात ठेवायची पत्र्याची शंकूसारखी शेगडीही बिनबुडाचीच होती, थेट मातीवर ठेवायची. आज कॅनव्हासच्या जागी सिलिकॉन चढवलेले पातळ कापड आले आणि पत्र्याच्या जागी टायटॅनियम. वजन कमी झाले, पण आगीचे आणि धुराचे नियम तेच राहिले.

शेगडीकडून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे खरेदीआधी स्पष्ट हवे. पंचवीस-तीस सेंटीमीटर लांबीची घडीची शेगडी तोंडापर्यंत भरली तरी अर्धा-पाऊण तास चालते. डॅम्पर, म्हणजे हवेची ओढ कमी-जास्त करणारी झडप, जवळजवळ मिटून ओढले तर तासभर. टायटॅनियमचा पातळ पत्रा उष्णता धरून ठेवत नाही. आग विझली की दहा-पंधरा मिनिटांत आतली हवा बाहेरच्या इतकीच गार होते. त्यामुळे ‘रात्रभर ऊब’ ही जाहिरातीतली भाषा. स्लीपिंग बॅग बाहेरच्या थंडीच्या हिशेबानेच घ्यावी लागते. शेगडी आहे म्हणून पातळ बॅग नेली की रात्री दोनला उठून लाकडे भरण्याची पाळी येते. शेगडीचे खरे काम सुकवण्याचे: दिवसभर ओल्या गवतातून फिरून भिजलेले मोजे, हातमोजे, बुटांतले अस्तर, कापडावर आतून साचलेले दव. बर्फ वितळवून पाणी करण्यासाठीही ती उपयोगी, कारण त्याला गॅस फार लागतो. मोजे शेंड्याजवळच्या दोरीवर टाकावेत. बूट मात्र अर्धा मीटर लांबच ठेवावेत. जवळ ठेवले की तळव्याचा गोंद सुटतो आणि चामडे तडकते.

आता वजनाचा हिशेब. दोघांना शेगडीसह पुरेल असा खांबी तंबू खुंट्या-खांबासकट दोन किलोच्या आसपास आणि टायटॅनियमची शेगडी नळीसकट सव्वा किलो धरली, तर माणशी वाटा साधारण सव्वासोळाशे ग्रॅम पडतो. तळ असलेला, बर्फात टिकणारा दुहेरी कापडाचा तंबू दोघांत वाटला तर त्याच्या जवळपासच जातो, म्हणजे ऊब जवळजवळ फुकटात मिळाली. एकट्याने तेच सामान उचलायचे असेल, तर हिशेब पार बिघडतो. शिवाय छापील वजनात खुंट्या, खांब, तणावे, खालची अंथरी आणि करवत धरलेली नसते. हे सगळे तराजूवर घालूनच तुलना करावी. ‘सहा माणसांचा’ याचा अर्थ सहा जण चिकटून झोपले, सामान बाहेर आणि शेगडी नाही. शेगडी मांडली की आकडा सरळ निम्मा करावा. शेगडीच्या चारही बाजूंना झोपण्याच्या बॅगांपासून आणि उतरत्या कापडापासून चाळीस-पन्नास सेंटीमीटर मोकळे हवेत, आणि तंबूच्या कडेला छत इतके खाली येते की तिथे माणूस नव्हे, फक्त सॅक मावते.

आकारात आमचा कल एकखांबी टीपीकडे आहे. वारा कुठूनही आला तरी तो सारखाच तोंड देतो आणि मध्ये उभे राहून कपडे बदलता येतात. चौकोनी पिरॅमिड लवकर उभा राहतो: चार कोपरे ठोका, खांब घाला, झाले. दोन ट्रेकिंग पोल जोडून खांब करण्याची युक्ती सौम्य हवेत चालते. ओल्या बर्फाचा भार पडला की जोडाजवळ पोल वाकतो. उशिराच्या हंगामात स्वतंत्र जाड खांबच न्यावा. खुंट्या वीस सेंटीमीटरच्या, वाय आकाराच्या. गोठलेल्या जमिनीत त्या वाकतात, म्हणून दोन-चार जाड पोलादी खिळे सोबत हवेत. भुसभुशीत बर्फात फांदीला तणावा बांधून ती आडवी पुरावी, वरून बर्फ तुडवून घट्ट करावा.

कापडाविषयी लेखात फक्त ‘हलके आणि जलरोधक’ एवढेच आहे. सिलनायलॉन, म्हणजे सिलिकॉन चढवलेले नायलॉन, मजबूत असते, पण नायलॉन ओल पितो आणि सैल पडतो. संध्याकाळी ढोलासारखा ताणलेला तंबू मध्यरात्री लोंबतो, आणि लोंबणारे कापड नळीकडे सरकते. झोपण्याआधी तणावे पुन्हा ओढून घेणे हा नियमच समजावा. पॉलिएस्टर कमी सैलावते. डायनिमा कंपोझिट हे कापड सर्वांत हलके आणि अजिबात न सैलावणारे. मात्र ते मुळात पॉलिएथिलीन. नायलॉन दोनशे अंशांच्या वर वितळतो, हे दीडशेच्या आसपासच. ठिणगी पडणाऱ्या ठिकाणी आम्ही ते सुचवणार नाही. ठिणगीने पडलेली टाचणीएवढी भोके तर कुठल्याही कापडाला पडणारच. सिलिकॉन चढवलेल्या कापडावर साधी चिकटपट्टी टिकत नाही. सिलिकॉनच्या गोंदाची छोटी ट्यूब सामानात असू द्यावी.

सगळ्यात जास्त फसगत होते ती नळीत. नळी म्हणजे दोन ते अडीच मीटर लांबीचा कागदासारखा पातळ पत्रा. नेताना तो सुरळी करून नेतात आणि वापरताना आडव्या अंगाने गुंडाळून नळी करतात. पहिली गुंडाळी दोघांचे काम आहे, आणि जाड हातमोजे घालूनच करायचे, कारण कडा ब्लेडसारखी असते. सुरुवात तिरकी झाली की एक टोक रुंद, दुसरे अरुंद होते. मग नळीभोवती बसवायच्या कड्या घसरतात आणि नळी शेगडीच्या तोंडात बसत नाही. उलगडून पुन्हा सरळ सुरू करावे, ओढूनताणून बसवू नये. दर तीस सेंटीमीटरला एक कडी. गुंडाळलेली नळी पहिल्यांदा चांगली तापली की पत्रा तो आकार ‘लक्षात ठेवतो’, निळसर-सोनेरी होतो आणि पुढच्या वेळी निम्म्या कष्टात वळतो. हा पहिला जाळ मोकळ्या जागी, तंबूशिवाय, मोहिमेच्या आधीच करून घ्यावा. डोंगरात अंधारात, गारठलेल्या बोटांनी नवी नळी वळवायला बसणे म्हणजे बोटे कापून घेणे.

कापडातून नळी बाहेर पडते तिथे काचतंतूंचे उष्णतारोधक ठिगळ असते. त्याचे भोक नळीच्या मापाचेच कापावे. मोठे कापले तर पाऊस आत येतो. नळीचे तोंड तंबूच्या शेंड्याच्या पातळीवर किंवा थोडे वर यायला हवे. खाली राहिले, तर वाऱ्याचा भोवरा धूर परत ढकलतो आणि ठिणग्या कापडावर पडतात. वारा असेल तर वरच्या कडीला तारेचे तणावे बांधावेत. तोंडावरच्या ठिणगीरोधक जाळीत काजळी साचते. शेगडीचे दार उघडताच धूर आत येऊ लागला, तर लाकडांना दोष देण्याआधी ही जाळी पाहावी. रोज सकाळी गार नळीवर टिचक्या मारून ती झाडावी. पेटवताना नळीत गार हवेचा दट्ट्या बसलेला असतो, म्हणून आधी नळीच्या बुडाशी कागद किंवा सालपट पेटवून ओढ सुरू करावी, मग लाकडे लावावीत.

लाकूड अंगठ्याएवढे जाड, उभ्या वाळलेल्या झाडाचे. जमिनीवर पडलेले बहुतेक ओले निघते. मोठा ओंडका चिरून आतला कोरडा गाभा घ्यावा. राळ असलेले लाकूड झटकन पेटते, पण नळी काजळीने भरते. वृक्षरेषेच्या वर, म्हणजे झाडे उगवत नाहीत इतक्या उंचीवर, मुक्काम असेल, तर शेगडी हे नुसते ओझे. कोरड्या हंगामात आगबंदी असेल तर जाळी लावलेली बंद शेगडीसुद्धा बहुधा त्यात येते. परवानगी निघण्यापूर्वीच विचारावी.

जागा थोड्या उंचवट्यावर निवडावी. पलीकडची सपाट, मऊ, मोहात पाडणारी जागा सपाट असते ती पाणी तिथे साचत आले म्हणूनच. पावसात कड जमिनीपासून आठ-दहा सेंटीमीटर उचलली की हवा खेळते आणि दव कमी धरते. बर्फात आणि वाऱ्यात कड जमिनीला टेकवून वर बर्फ दाबतात.

नेमका इथेच धोका आहे. खालून बर्फाने बुजलेला तंबू, वरची खिडकी थंडीमुळे मिटलेली आणि शेगडीत डॅम्पर मिटून धुमसणारे निखारे. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि धुमसत्या निखाऱ्यांतून तो भडकत्या जाळापेक्षा जास्त निघतो. वरची खिडकी कधीही पूर्ण बंद करू नये, खालच्या बाजूला वाऱ्याआड एक हातभर फट राखावी, आणि झोपण्यापूर्वी आग पूर्ण जळून विझू द्यावी. हा वायू ओळखणारे बॅटरीवरचे सूचक यंत्र डोक्याजवळ ठेवावे. थंडीत साध्या सेलपेक्षा लिथियमचे सेल टिकतात. डोके जड झाले, मळमळले, तर कारण शोधत बसू नये. आधी सगळ्यांनी बाहेर पडावे.

शिकाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. मांस तंबूत किंवा तंबूलगत ठेवू नये. अस्वलांच्या मुलखात ते निदान शंभर मीटर दूर, उंच टांगावे. आणि दिवसभर गारठलेली बंदूक उबदार तंबूत आणू नये. थंड धातूवर क्षणात दव धरते, ते घोड्याच्या यंत्रणेत शिरते आणि पहाटे बाहेर नेल्यावर गोठते. दुर्बिणीच्या काचांवरही वाफ धरते. रिकामी करून, आच्छादनात घालून, ती तंबूबाहेर आडोशालाच ठेवावी. आत आणलीच, तर पूर्ण उबेला येऊ द्यावी, पुसावी, आणि मगच पुन्हा बाहेर काढावी.

आपले,
पुरवणीचे नियमित वाचक