खुर्ची ८७ सेंटिमीटर सरकवल्याबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर तुम्हाला एकटीलाच लिहायचं होतं. चारचौघांत लिहितेय, कारण पूर्वी कॅसेटच्या आतल्या घडीच्या कागदावर किंवा एलपीच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत का होईना, ध्वनिमुद्रण कुणाचं आणि मिक्सिंग (वेगवेगळे आवाज जुळवून एक गाणं करणं) कुणाचं ते छापलेलं असायचं. गाणं ऐकता ऐकता माणूस ते वाचायचा. आता गाणं फोनवर येतं ते एक चित्र आणि गायकाचं नाव घेऊन. बाकीची नावं बघायची तर मेनूत शिरून शोधावी लागतात, आणि तेवढं कोण शोधतं? माझ्या पहिल्या अल्बमची नऊ गाणी लोक ऐकतायत, ‘आवाज किती जवळचा वाटतो’ असं लिहितायत. तो जवळचा कसा झाला हे मला माहीत आहे आणि तुम्हाला. तिसऱ्या कुणाला तरी कळायला हवं. अल्बमचं मिक्सिंग तुमचं, आणि तुमचं नाव श्रेयनामावलीत आहेच; इथे मी तुम्हाला नेहमीसारखं ताईच म्हणते.

पहिली तीन गाणी मी तुम्हाला पाठवली तेव्हा मी त्यांना ‘जवळजवळ तयार’ म्हटलं होतं. एक कंडेन्सर माइक, माइक लॅपटॉपला जोडणारा दोन चॅनेलचा इंटरफेस, लॅपटॉप आणि चारही भिंतींवर टांगलेली पांघरुणं एवढा माझा स्टुडिओ. मागची घरघर जावी म्हणून प्रत्येक ट्रॅकवर नॉइज रिमूव्हर फिरवला होता आणि त्यावर भरपूर रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या दालनात गायल्यासारखा घुमारा. तुमचं उत्तर दोन ओळींचं होतं : ‘यातलं काही न केलेल्या मूळ फाइली पाठव. आणि खोलीची लांबी मोजून सांग.’

फाइली का मागितल्या ते समजलं. नॉइज रिमूव्हरनं घरघरीबरोबर तारांचा विरत जाणारा नादही खाल्ला होता, गिटार पाण्याखालून वाजल्यासारखी झाली होती. पण खोलीची लांबी? मोजली. साडेतीन मीटर.

त्यानंतरचा तुमचा फोन मी कधी विसरणार नाही. मी कित्येक आठवडे एकाच गोष्टीशी झगडत होते. गिटारवर जी मेजर हा कॉर्ड वाजवला की सहाव्या, सर्वांत जाड तारेचा खालचा सूर असा फुगून यायचा की वर गायलेले शब्दच बुडायचे. मी तारा बदलल्या, बोटं हलकी केली, इक्वलायझरमध्ये खर्ज कापला. खर्ज कापला की बाकीचे कॉर्ड पोकळ व्हायचे. तुम्ही विचारलंत, ‘अगं, तू बसतेस कुठे?’ मी म्हटलं, खोलीच्या बरोबर मधोमध, भिंतींपासून लांब. तुम्ही हसलात आणि म्हणालात, ‘मग तुझ्या गिटारचा काही दोष नाही.’

मग तुम्ही मला हिशोब करायला लावलात. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटवरचा जी म्हणजे ९८ हर्ट्झ. म्हणजे सेकंदाला ९८ लाटा. भागाकार केला तर एका लाटेची लांबी आली ३.५ मीटर. त्या एका सुराची अख्खी लाट माझ्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नेमकी मावत होती. अशी लाट खोलीत अडकली की तिचा दाब दोन्ही भिंतींपाशी आणि बरोबर मध्यावर सर्वांत जास्त असतो, आणि चौथाईच्या खुणांवर, म्हणजे दोन्ही भिंतींपासून खोलीच्या पाव लांबीवर, जवळजवळ नाहीसा होतो. मी गिटार आणि माइक घेऊन त्या सुराच्या ऐन माथ्यावर बसले होते. पांघरुणांचा तिथे उपयोग नव्हता. ती वरचे सूर शोषतात, खर्जाच्या एवढ्या लांब लाटेला त्यांचा अडसर होत नाही. म्हणून तर खोली एकाच वेळी गुदमरलेली आणि घुमणारी वाटत होती.

‘खुर्ची भिंतीकडे सरकव. ८७ सेंटिमीटर. माइकही तिच्याबरोबर ने.’

मी सरकवली. जी मेजर वाजवला. तो बाकीच्या कॉर्डांसारखाच एक कॉर्ड झाला होता. त्या क्षणी मला रडू आलं, आणि तुम्ही फोनवर काहीही न बोलता थांबलात, त्याबद्दलही आभार.

यातली मोठी गोष्ट मला फार नंतर कळली. तो फुगलेला सूर तुम्हाला तुमच्याकडच्या साधनांनी बराचसा आवरता आला असता. तेवढ्या पट्टीत, तेवढ्याच क्षणी आवाज दाबणारी साधनं तुम्ही रोज वापरता. दहा मिनिटांचं काम. त्याऐवजी तुम्ही माझ्यासाठी दीड तास फोनवर घालवलात, आणि तिन्ही गाणी पुन्हा रेकॉर्ड करायला लावलीत. दुरुस्त करून देणं तुम्हाला सोपं होतं. तुम्ही अवघड ते निवडलंत, म्हणून आज हा अल्बम माझा आहे असं मी म्हणू शकते.

तेव्हापासून तुमच्या सूचना येत राहिल्या. २४ बिटवर रेकॉर्ड कर, आवाजाची टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू देत, लाल दिव्याजवळ जायची गरजच नाही; क्लिप झालेला, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन कापला गेलेला सूर परत मिळत नाही. गिटारचा माइक भोकासमोर नको, बाराव्या फ्रेटच्या दिशेला, फूटभर लांब. तोंड आणि माइक यांत एक वीत. या ‘एक वीत’चं मला फार बरं वाटलं होतं, कारण त्याआधी जे जे वाचलं होतं ते सगळं इंचांत होतं आणि माझ्याकडे माझा हात होता. ‘फ’ आणि ‘भ’ माइकवर आदळतात म्हणून पॉप फिल्टर लावलेला होताच. तरी दुसऱ्या गाण्याच्या मुखड्यात ‘भरल्या’चा भ दर वेळी थडकायचा. तुम्ही सांगितलंत, माइक समोरून थोडा बाजूला घे, श्वास त्याच्या शेजारून जाऊ दे. गेला.

पण मी सर्वांत जास्त ऋणी आहे ती एका टेकबद्दल, म्हणजे एका दमात केलेल्या रेकॉर्डिंगबद्दल. पाचव्या गाण्याचा तो टेक मला निर्दोष वाटत होता. सूर पक्के, ताल पक्का, कुठे खरखर नाही. तुमच्या उत्तरात वेळांची यादी होती. ‘२:१४ – जवळ. यातला ज ऐक, तो जीवनमधला ज झालाय. २:३१ – ओंजळ. ळ चा ल झालाय. दमलीस का?’ मी दमले होते. तो त्या रात्रीचा एकोणिसावा टेक होता आणि जीभ वर वळायला तयार नव्हती. शिवाय इतकी वर्षं इंग्रजी गाणी गात आले म्हणून असेल, माझा ‘जवळ’चा ज खरोखरच परका झाला होता. घरी बोलताना मी तो तसा कधीच म्हणत नाही. पुढे तुम्ही लिहिलं होतं, ‘सूर थोडा उतरला तर सॉफ्टवेअर चढवून देईल. ळ कुठलंही सॉफ्टवेअर देणार नाही. झोप आता.’ दुसऱ्या दिवशी गायलेला, सुराला किंचित कमी असलेला टेक अल्बमवर आहे. तुम्ही त्याचा सूरही चढवला नाहीत.

एकदा मी तुमच्यावर रागावले होते, ते इथे लिहिलं नाही तर पत्र अर्धवट राहील. सातव्या गाण्यात मी माझ्याच आवाजाचे चार थर चढवले होते. तुमच्याकडून मिक्स आला त्यात एकच आवाज, बाकी सगळे बंद. मी आठ दिवस उत्तर दिलं नाही. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. नवव्या दिवशी रात्री दिवा मालवून ते गाणं ऐकलं. ते बाबांच्या जाण्यावरचं गाणं आहे, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. चार आवाजांत मी ते लपवलं होतं. एका आवाजात ते लपत नव्हतं. तुम्हाला ते कसं कळलं, मी आजवर विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

घरी रेकॉर्ड केलेल्याला लोक खरा अल्बम म्हणतील का, असं मी घाबरत विचारलं होतं तेव्हा तुम्ही अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या १९८२च्या ‘नेब्रास्का’ अल्बमची गोष्ट सांगितलीत. घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर केलेलं ते कच्चं काम. नंतर बँडबरोबर ती गाणी करून पाहिली, तरी शेवटी ती कॅसेटच अल्बम म्हणून आली. मला वाटलं तुम्ही धीर देताय. पण तुम्हाला सांगायचं होतं ते पुढचं : त्या कॅसेटवरून एलपी कापण्याजोगा मास्टर, म्हणजे जिच्यावरून बाकीच्या प्रती निघतात ती अंतिम प्रत, बनवताना लोकांना किती झगडावं लागलं ते. ‘गाणारा खोलीत बसून गातो, ते ठीक आहे. पुढे कुणाला तरी ते काम निस्तरावं लागतं. त्या माणसाला सोपं जाईल असं रेकॉर्ड कर.’ ती पुढची व्यक्ती तुम्हीच होतात, आणि तुम्ही कामावरून परत आल्यावर रात्री हे करत होतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मास्टरिंगमध्ये, म्हणजे गाणं बाहेर जाण्याआधीच्या शेवटच्या कामात, आवाज दाबून मोठा करायचा नाही हाही तुमचाच हट्ट. स्ट्रीमिंगवाले सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणूनच ठेवतात, दाबलेलं गाणं तिथे मोठं होत नाही, फक्त चपटं होतं. म्हणून आज तिसऱ्या गाण्यात हळू आवाजातलं कडवं खरंच हळू आहे. परवा एकीनं लिहिलं की ते ऐकताना ती जिन्यात थांबली.

खोलीतली पांघरुणं मी केव्हाच उतरवली. फरशीवर खुर्चीच्या चार पायांच्या खुणा म्हणून लावलेली चिकटपट्टी मात्र आहे तशीच आहे, कडेनं थोडी उलटलीय. काल रात्री त्यावर खुर्ची ठेवून एक नवं गाणं गायले. जी मेजरनं सुरू होतं. काही न केलेली मूळ फाइल पाठवलीय, सावकाश ऐका. १:४०ला एक ‘ओंजळ’ आहे.

तुमची,
साडेतीन मीटरच्या खोलीतली