खाडीतला रविवार आणि नंतरचं भांडण

प्रिय बंड्या,

तुझे सगळे व्हॉइस नोट ऐकले, पण सांगायचं एवढं साठलंय की फोनवर होणार नाही म्हणून लिहायला बसलोय. लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आमच्या कॉलेजच्या एनएसएसवाल्यांनी (राष्ट्रीय सेवा योजना) खाडीची सफाई काढली होती, ऐरोलीला. लोकल वाशीच्या पुलावर आली की तू नाक दाबायचास ना, तीच ही ठाणे खाडी, जरा वरच्या अंगाला. तिचा काही भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 मध्ये रामसर यादीत पण नाव लागलं, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत, आणि आपण आपले नाक दाबून पलीकडे जात होतो.

वेळ ठरवताना मजा आली. आमचा सेक्रेटरी ॲपवर ओहोटी शोधत बसलेला, तेवढ्यात कोळीवाड्यातली एक मुलगी म्हणाली, तिथी काय आहे सांग. पंचमी. मग पाचाची पाऊणपट म्हणजे पावणेचार, तेव्हा भरती, त्यापुढे सहा तासांनी, दहाच्या आसपास, ओहोटी. ॲपमध्ये पण साधारण तेच निघालं! घरी सगळे असंच काढतात म्हणे. सेक्रेटरीचं तोंड बघायला तू हवा होतास.

पाणी उतरत होतं तसे आम्ही आत गेलो. चिखल असा की गमबूट आतच राहतो आणि नुसता पाय बाहेर येतो. तिवराच्या, म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांखाली सगळीकडे वीतभर उंचीच्या मुळ्या उभ्या, चिखलात हवा नसते म्हणून झाड मुळ्या वर काढून श्वास घेतं. त्यांच्यामधून निवट्या सुळकन पळतात, मासे रे, पण चिखलावर चालणारे, आणि ते बारके खेकडे ज्यांच्या नराचा एकच डेंगा भलामोठा असतो. तिवराचं पान मी चाटून पाहिलं, खारट! जास्तीचं मीठ झाड पानांवाटे बाहेर टाकतं.

आणि त्याच मुळ्यांना गुंडाळलेला कचरा. दुधाच्या पिशव्या, गुटख्याची पाकिटं, थर्माकोल, डायपर, चपला (जोडी कधीच नाही, का कोण जाणे), निर्माल्याची गाठ मारलेली पिशवी जशीच्या तशी. पिशव्या चिखलात रुतून मुळ्यांभोवती घट्ट आवळलेल्या असतात, ओढली तर मुळी तुटेल म्हणून कात्रीने कापून सोडवायच्या, एकेकीला किती वेळ जातो सांगू. यातलं फारसं काही तिथे येऊन कोणी टाकलेलं नाही, आपल्या नाल्यांतून खाडीत उतरतं, भरतीबरोबर झाडांत शिरतं आणि पाणी परत जाताना तिथेच अडकतं. पुढच्या उधाणाला परत येणार हे सगळ्यांना कळत होतं, तरी कोणी तोंडावर बोललं नाही. ग्रुप फोटो मात्र झाले, बॅनरसकट.

खरी गंमत पुढे. कॉलेजवर मीटिंग झाली आणि ठरलं काय, तर पुढच्या वेळी वृक्षारोपण! समोरचा उघडा चिखल 'रिकामा' आहे म्हणे, तिथे रोपं लावू, आकडा छान दिसेल रिपोर्टमध्ये. माझं डोकंच फिरलं यार. तो चिखल रिकामा कुठे आहे, फ्लेमिंगो तिथेच उतरतात, ओहोटीला उघड्या पडलेल्या खाजणातच त्यांचं आणि बाकीच्या पाणपक्ष्यांचं खाणं असतं. तिथे झाडं भरलीस तर पक्ष्यांनी बसायचं कुठे? आणि तिवराला आपण लावायची गरज तरी काय, त्याच्या बिया पाण्यावर तरंगत जातात आणि जागा पटली की रुजतात. कांदळ म्हणजे तिवरासारखंच खाडीतलं दुसरं झाड, त्याची तर शेंगच झाडावर असताना फुटलेली असते, लांब हिरवी काठी, पडली की चिखलात उभी रुतते नाहीतर वाहत जाऊन दुसरीकडे मूळ धरते. त्यांना पाणी यायला-जायला वाट मोकळी हवी, बस. बांध घातला, भराव टाकला, भरती आत येईना झाली की उभी झाडं वाळतात, मग कोर्टाने काही का म्हणेना. आणि कोर्टाने म्हटलंय, 2005 पासून तोडीवर बंदी आहे, 2018 मध्ये तर कांदळवनं, म्हणजे ही खाडीतली जंगलं, नष्ट करणं म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्कांवरच घाला असं हायकोर्टाने सांगितलं, भोवतीचे 50 मीटरही सोडायला लावले.

हे सगळं मी मीटिंगमध्ये बोललो, जरा मोठ्याने बोललो. सर म्हणाले, मुद्दा बरोबर आहे पण रिपोर्टमध्ये काय दाखवणार. आता याला काय उत्तर देणार सांग. शेवटी ती कोळीवाड्यातली मुलगीच म्हणाली की झाडं सोडा, कॉलेजमागचा नाला खाडीलाच जातो, त्याच्या तोंडाशी जाळी लावायला नगरपालिकेला अर्ज करू आणि दर आठवड्याला जाळीत काय अडकलं ते वजन करून लिहू, रिपोर्टमध्ये किलो दाखवा. सेक्रेटरी गप्प. सर विचार करतो म्हणाले, म्हणजे निम्मं काम झालं समज.

आता तुझं काम. पुढच्या मीटिंगला मला एक पोस्टर हवंय आणि चित्र आपल्यात तुलाच जमतं. झाड नको काढूस, उघडा चिखल काढ, त्यात निवट्या, खेकडे, पक्ष्यांच्या पावलांचे ठसे, जे सुचेल ते. ए-थ्री साइजमध्ये, शुक्रवारपर्यंत. आणि लातूरला मेसचं जेवण सुधारलं का ते कळव, काकू मला विचारत होत्या आणि मी काहीतरी थाप मारली.

तुझाच
चिखल्या (नवीन नाव पडलंय, हसू नको)