बिल्टी हातात आल्याशिवाय ट्रक हलू देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा आटोपल्या, बदल्यांचे आदेश निघाले आणि अकरा महिन्यांचे भाडेकरार संपत आले, की पुण्यात घर बदलणाऱ्यांची एकच झुंबड उडते. जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासामुळे आता त्यात आणखी भर पडली आहे, कारण अख्खी इमारत एकाच महिन्यात रिकामी होते आणि काही वर्षांनी तीच कुटुंबे तेच सामान घेऊन परत येतात. मी कोथरूड परिसरातील एका सहकारी गृहरचना संस्थेचा सचिव असल्यामुळे सामानाचे ट्रक येताना-जाताना जवळून पाहतो आणि त्यावरून होणारी भांडणे मिटवण्याची वेळही बहुधा माझ्यावरच येते. 'पॅकर्स अँड मूव्हर्स'कडून फसवणूक झाल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांत नेहमी येतात. मात्र त्या तक्रारींच्या मुळाशी असलेल्या एका कागदाची चर्चा क्वचितच होते, म्हणून हे पत्र.

तो कागद म्हणजे बिल्टी. वाहतूक व्यवसायातील मंडळी तिला 'एल. आर.' (लॉरी रिसीट) म्हणतात आणि कायद्यात तिचे नाव 'गुड्स रिसीट' असे आहे. 'कॅरेज बाय रोड' अधिनियम, 2007 हा कायदा 1 मार्च 2011 पासून लागू आहे. त्यानुसार दुसऱ्याचा माल भाड्याने रस्त्याने वाहून नेण्याचा धंदा करणाऱ्याने नोंदणी केलेली असली पाहिजे, माल ताब्यात घेताच त्याने पावती दिली पाहिजे आणि तिची मूळ प्रत माल पाठवणाऱ्याच्या हातात पडली पाहिजे. मालाचे वजन, नग आणि तपशील यांबाबत ही पावती प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. इतका महत्त्वाचा कागद असूनही घर हलवणाऱ्यांपैकी फार थोडे लोक तो मागतात. बहुतेकांच्या हातात असते ते मोबाइलवर आलेले कोटेशन. त्यावर रंगीत बोधचिन्ह असते, एक दूरध्वनी क्रमांक असतो, पत्ता असलाच तर अर्धवट असतो, आणि अनेकदा एखाद्या नामांकित कंपनीचेच नाव एक शब्द मागेपुढे करून छापलेले असते.

आमच्या सोसायटीत नागपूरहून बदली होऊन एक कुटुंब आले, तेव्हाचा प्रसंग सांगतो. ट्रक संध्याकाळी फाटकाशी लागला. दोन गाद्या आणि एक कूलर (पुण्यात तो कशाला आणला, हे त्यांनाच ठाऊक) एवढे उतरवून कामगार थांबले. सामान ठरल्यापेक्षा जास्त निघाले असून आणखी चौदा हजार रुपये मिळाल्याशिवाय पुढचे काही उतरणार नाही, असे चालकाने सांगितले. ज्याच्याशी फोनवर व्यवहार ठरला होता तो दलाल निघाला आणि त्याचा फोन लागेना. चालकाकडची बिल्टी मी मागून घेतली, तर ती तिसऱ्याच ट्रान्सपोर्टच्या नावाची होती. नगांच्या रकान्यात 'घरगुती सामान, 1 लॉट' एवढेच लिहिलेले होते आणि किमतीचा रकाना कोरा होता. पोलिस चौकीत हा दिवाणी वाद असल्याचे उत्तर मिळाले. घरात लहान मूल, अंथरुणे ट्रकमध्ये आणि रात्रीचे अकरा वाजत आलेले. शेवटी त्यांनी पैसे मोजले. सगळे सामान एका 'लॉट'मध्ये कोंबलेले असल्यामुळे मिक्सर आणि भांड्यांचे एक खोके आलेच नाही, हे सिद्ध करायलाही त्यांच्याकडे काही नव्हते.

हे असे का घडते, ते समजून घेतले पाहिजे. आपण एखाद्या संकेतस्थळावर नाव-पत्ता भरला, की तो तपशील एकाच वेळी पाच-सहा जणांना विकला जातो आणि दहा मिनिटांत फोन सुरू होतात. त्यांतील अनेकांकडे स्वतःचा ट्रक नसतो, गोदाम नसते आणि कामगारही नसतात. घर न पाहता सर्वांत कमी दर सांगून काम पदरात पाडून घ्यायचे आणि मग ते मिळेल त्या वाहतूकदाराच्या गळ्यात मारायचे, असा हा उद्योग आहे. ज्याच्या ट्रकमध्ये सामान चढते त्याला त्या दरात काम परवडणारे नसते आणि उरलेली रक्कम तो वाटेत किंवा आपल्या दारात वसूल करतो. त्यातही स्वस्तातला दर बहुधा अर्ध्या ट्रकचा असतो. म्हणजे आपले सामान दुसऱ्यांच्या सामानाबरोबर चढते, मधल्या गोदामात उतरते, पुन्हा चढते, आणि मोडतोड व अदलाबदल नेमकी या चढउतारीत होते. पूर्ण ट्रक आपलाच असणार की वाटून जाणार, हे आधी विचारून लिहून घ्यावे. वाटून जाणारा ट्रक वाईटच असतो असे नाही, पण मग पोचण्याची तारीख सैल धरावी लागते आणि प्रत्येक नगावर क्रमांक घालण्याला पर्याय राहत नाही.

म्हणून पहिली अट ही, की कंपनीच्या माणसाने घरी येऊन सामान पाहिलेच पाहिजे. आल्यावर त्याला दिवाणखाना दाखवून चहा देऊ नये. माळा, बाल्कनी, पलंगांचे कप्पे आणि जिन्याखालची जागा दाखवावी, कारण 'सामान जास्त निघाले' हे वाक्य बहुतेक वेळा माळ्यावरून जन्माला येते. घरघंटी, पाटा-वरवंटा, लोखंडी कपाट अशा जड वस्तू यादीत नावानिशी आल्या पाहिजेत. एसी काढणे आणि नव्या घरी बसवणे, पंखे उतरवणे, पलंग खोलणे व जोडणे, लिफ्ट बंद असल्यास जिन्याने चढवण्याची मजुरी, यांपैकी काय दरात धरले आहे आणि काय नाही, हे लेखी घ्यावे. नव्या घराची गल्लीही सांगावी. मोठा ट्रक आत शिरत नसेल किंवा शहरात त्याला त्या वेळेस बंदी असेल, तर सामान छोट्या हत्तीत (छोट्या टेम्पोत) उतरवून आणावे लागते आणि तो खर्च ऐन वेळी आपल्या डोक्यावर बसतो.

कोटेशनमधल्या काही रकमा तर निव्वळ अज्ञानावर उभ्या असतात. जकातीच्या नावाखाली कोणी पैसे मागत असेल, तर मुंबईतील जकातही 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला तेव्हाच संपली, हे लक्षात ठेवावे. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी जीएसटीखाली काढावा लागणारा ऑनलाइन कागद) लागत नाही, त्यामुळे त्याचा वेगळा आकारही देण्याचे कारण नाही. 'पक्के बिल हवे असेल तर 18 टक्के वेगळे' हे वाक्य ऐकल्यावर मात्र मोहात पडू नये. ते टक्के वाचवले की पावती गेली आणि पावती गेली की तक्रारीचा पायाच गेला. उलट कंपनीचा जीएसटी क्रमांक आधीच मागून घ्यावा आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासावा. नोंदणी कोणाच्या नावावर आहे, पत्ता कोणता आहे आणि ती चालू आहे की रद्द झाली आहे, हे तेथे विनामूल्य दिसते. महाराष्ट्रातील नोंदणी 27 या आकड्याने सुरू होते. पुण्याची जुनी कंपनी म्हणवणाऱ्याचा क्रमांक भलत्याच आकड्याने सुरू होत असेल, तर खुलासा मागावा.

आता किमतीच्या त्या कोऱ्या रकान्याविषयी. माझ्या मते घर हलवताना सर्वांत जास्त नुकसान या एका ओळीमुळे होते. 'कॅरेज बाय रोड' कायद्याखालील 2011 च्या नियमांनुसार सामान हरवले वा मोडले तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित असते आणि ती रक्कमही आपण जाहीर केलेल्या किमतीपेक्षा अधिक होऊ शकत नाही. भाडे 25 हजार असेल तर कमाल मर्यादा अडीच लाख; परंतु विम्याचे दोन पैसे वाचवण्यासाठी आपणच 'जुने सामान, किंमत 20 हजार' असे लिहून दिले असेल, तर अडीच लाख विसरायचे. 'ट्रान्झिट इन्शुरन्स' म्हणून जाहीर किमतीच्या अमुक टक्के रक्कम घेतली जाते, तेव्हा विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसीचा कागद मागावा. मूव्हर्सने स्वतःच्या लेटरहेडवर दिलेली हमी म्हणजे विमा नव्हे. खऱ्या पॉलिसीतही केवळ अपघात आणि आग धरलेली आहे, की हाताळणीतील मोडतोडही धरलेली आहे, हे वाचावे लागते.

सामानाच्या यादीतही एक मेख असते. बांधाबांध करणारा मुकादम प्रत्येक वस्तूपुढे सरसकट 'जुने, ओरखडे, पोचा' असे लिहीत जातो आणि आपण घाईत सही करतो. नव्या कोऱ्या फ्रीजपुढेही हेच शब्द असतात, म्हणजे नंतर तो फ्रीज खरोखर चेपला तरी कागदावर तो आधीपासूनच चेपलेला असतो. म्हणून यादी होताना घरातील एका माणसाने दुसरे काहीही न करता मुकादमाशेजारी उभे राहावे. टीव्ही चालू करून त्याचा फोटो घ्यावा, खोक्यांच्या दोन बाजूंवर क्रमांक आणि खोलीचे नाव लिहावे आणि तेच क्रमांक यादीत व एकूण नग बिल्टीवर आले आहेत ना, हे पाहावे. पोचल्यावर मोडतोड दिसली तर ताबापावतीवर सही करण्यापूर्वी तसे लिहावे. 'सर, आधी सही करा, मग बघू' याला भुलू नये. रकमेचा काही भाग सामान मोजून घेईपर्यंत हातात राखण्याची अट पहिल्याच दिवशी घातली, तर प्रामाणिक कंपन्या ती मान्य करतात.

घरच्या तयारीबद्दल थोडेच लिहितो. गॅसचा सिलिंडर ट्रकमध्ये चढवू नये. दुसऱ्या गावी जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून टर्मिनेशन व्हाउचर (जोडणी बंद केल्याची पावती) घ्यावे, म्हणजे अनामतही परत मिळते आणि नव्या गावी जोडणी घेणे सोपे जाते. समोरून दार असलेल्या वॉशिंग मशिनला मागून बसवायचे लांब बोल्ट खरेदीच्या वेळी मिळालेले असतात. ते शोधून लावावेत, नाहीतर आतला ड्रम रस्ताभर आपटत जातो. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करावा. दागिने, कागदपत्रे आणि देव आपल्याबरोबर न्यावेत. लोणच्याच्या बरण्यांचेही तेच, कारण तेल सांडले की खालच्या खोक्यातील पुस्तके गेली. आणि जो सोफा नेण्याचा खर्च त्याच्या विक्रीच्या किमतीहून जास्त आहे, तो कितीही आठवणीचा असला तरी भंगारवाल्याला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

फाटकावर होणाऱ्या 'वाराई'च्या, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीच्या, मागणीबद्दलही लिहिले पाहिजे. 1969 चा माथाडी कायदा हे महाराष्ट्रातील कष्टकऱ्यांनी मिळवलेले मोलाचे संरक्षण आहे आणि त्याविषयी मला आदर आहे. त्या कायद्याची रचना अशी, की मालक आणि कामगार दोघांची नोंदणी माथाडी मंडळाकडे होते आणि मजुरी व लेव्ही (मजुरीवर मालकाने भरायचा आकार) मंडळामार्फत चुकती होते. घरगुती सामानाचा ट्रक अडवून पावतीशिवाय रोख मागणारे टोळके या रचनेत कोठेच बसत नाही. ती सरळ खंडणी आहे आणि 112 वर फोन करण्यात कोणी संकोच करू नये. ट्रकवरचे चार-पाच कामगार मात्र वेगळे. ते दिवसभर कपाटे पाठीवर वाहतात, दलालाने लावलेल्या पडेल दराचा फटका त्यांनाही बसतो. त्यांना पाणी आणि जेवण विचारायला आपले काही जात नाही.

एवढे करूनही नुकसान झालेच, तर दाद मागता येते, पण मुदतींकडे लक्ष हवे. वाहतूकदारावर दावा लावण्यापूर्वी नुकसानीची लेखी नोटीस द्यावी लागते आणि तीही माल 'बुक' केल्याच्या तारखेपासून 180 दिवसांत. ताबा मिळाल्याच्या तारखेपासून नव्हे. 'बघतो, साहेब' म्हणत काही महिने घालवण्याची पद्धत कशासाठी आहे, हे यावरून कळेल. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे कंपनीचे कार्यालय दिल्लीत असले तरी पुणेकराला तेथे खेटे घालावे लागत नाहीत. त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक त्याआधी वापरून पाहावा. काही कंपन्या तेवढ्यानेही जाग्या होतात.

आमच्या संस्थेने आता एक साधा ठराव केला आहे. सामान बाहेर नेण्यासाठी कार्यालयातून जो गेटपास दिला जातो, त्यावर ट्रकचा क्रमांक, बिल्टीचा क्रमांक आणि ती ज्याच्या नावाची आहे त्या वाहतूकदाराचे नाव लिहिल्याशिवाय फाटक उघडत नाही. गावातल्या गावात एखादा टेम्पो जायचा असला, तरी निदान नगांची सही केलेली यादी लागते. सुरुवातीला सभासदांनी कुरकुर केली. मात्र बिल्टी देण्यास टाळाटाळ करणारी मंडळी ट्रक येण्यापूर्वीच गळू लागली. इतर संस्थांनीही हे करून पाहावे. परिवहन विभागाकडे माझी विनंती एवढीच, की वाहतूकदारांची नोंदणी कायद्याने सक्तीची आहेच, तर त्यांची यादी नाव आणि नोंदणी क्रमांक टाकून कोणालाही मोबाइलवर शोधता येईल अशा रीतीने मराठीत उपलब्ध करून द्यावी आणि हे काम पुढच्या बदल्यांच्या हंगामापूर्वी व्हावे.

आपला विश्वासू,
एका गृहरचना संस्थेचा सचिव, कोथरूड, पुणे