पोलिसांचा वायरलेस ऐकू नका, हॅमचं लायसन काढा

संपादक महोदय, स. न. वि. वि.

पावसाळा जवळ आला की आपल्या बडोद्यात घरोघरी एकच विषय असतो, विश्वामित्री नदी किती फुटांवर आहे आणि आजवा तलावाचं पाणी सोडलं का. यंदा आमच्याकडे त्यातूनच अजून एक विषय निघाला म्हणून लिहितोय, पत्र लांबलं तर कापा पण हॅमच्या, म्हणजे हौशी लोकांच्या रेडिओच्या लायसनचा भाग तेवढा ठेवा.

माझा भाचा अकोट्याला राहतो, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात, काळाघोड्याला नदी ३५ फुटांच्या वर गेली होती तेव्हा त्यांच्या सोसायटीचा तळमजला पाण्यात, लाईट नाही, मोबाईलचं आधी नेटवर्क गेलं मग बॅटरी, आणि ताई, भावोजी, हा, सगळे दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभे राहून बोटीची वाट बघत होते. बोट दोन गल्ल्या पलीकडे येऊन दूध वाटून गेली हे त्यांना पाणी ओसरल्यावर कळलं. ती गोष्ट त्या पोराच्या मनात बसली. मध्यंतरी त्याने ऑनलाइन दोनेक हजारांचा वॉकीटॉकी सेट मागवला आणि एक दिवस मला गच्चीवर नेऊन म्हणाला, मामा, यावर फायर ब्रिगेडचं आणि पोलिसांचं बोलणं पकडता येतं, मला फ्रिक्वेन्सी शोधून दे.

त्याने व्हिडिओ बघितले होते ते अमेरिकेतले. तिकडे बहुतेक ठिकाणी लोक स्कॅनर, म्हणजे नुसता ऐकायचा रेडिओ सेट, घेऊन घरात बसून फायर ब्रिगेडचं बोलणं ऐकतात आणि त्याला मनाई नाही, काही राज्यांत गाडीत स्कॅनर ठेवायला मात्र बंदी आहे. आपल्याकडे तसं नाही हे त्या व्हिडिओत कोण सांगणार? आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून नुसता सेट जवळ ठेवायलाही परवानगी लागत आली आहे, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तर दुसऱ्याचा संदेश बेकायदा पकडला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही. एकोणीस वर्षांच्या मुलाचं यात काय होईल विचार करा, आणि हेतू काय तर पुरात आईला सांगता यावं की बोट कुठे आहे.

बिनलायसनचे सेट मिळतात, पण ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातले, कमी पॉवरचे आणि सरकारची मान्यता असलेले. भाच्याचा सेट १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० असा सगळीकडे फिरणारा, आणि नुसता ऐकणारा नाही, बोलणारा पण. असे सेट सर्रास विकतात म्हणून २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन कंपन्यांना नोटिसा पाठवल्या होत्या, तरी लोकांना वाटतं ज्या अर्थी घरपोच येतं त्या अर्थी चालतं.

बोलणारा सेट का वाईट ते मी स्वतः बघितलंय. मी तीस वर्षं कारखान्यात काढली, कमरेला कायम वॉकीटॉकी. एकदा शटडाऊनच्या वेळी एका ऑपरेटरचा सेट खुर्चीत त्याच्याच मांडीखाली दाबला गेला, बोलायचं बटण दाबलेलं राहिलं आणि पूर्ण चॅनल जाम, आम्हाला सगळ्यांना त्याच्या पंख्याचा आवाज आणि कपड्यांची खसखस ऐकू येतेय आणि वर टॉवरवर चढलेला माणूस खाली कुणाला काही सांगू शकत नाहीये. शेवटी एक जण पळत जाऊन कंट्रोल रूममध्ये एकेकाचा सेट बघत फिरला. एका वेळी एकानेच बोलायचं असतं या यंत्रावर. पुराच्या रात्री फायर ब्रिगेडच्या चॅनलवर कुणा मुलाच्या खिशात असं बटण दाबलं गेलं तर बोटीवरच्या जवानाचा आवाज कुणापर्यंत जाणार? शिवाय जिथे डिजिटल यंत्रणा आलीय तिथे असल्या सेटवर नुसती खरखर येते.

मग मुलाला काय सांगायचं, गप्प बस? मला ते पटत नाही. त्याची तळमळ खरी आहे आणि तिच्यासाठी सरळ रस्ता आहे, हॅम रेडिओ. दूरसंचार खात्याची परीक्षा असते, बारा वर्षं पूर्ण झालेला कुणीही देऊ शकतो, सुरुवातीला रिस्ट्रिक्टेड ग्रेड, त्यात रेडिओची थिअरी आणि नियम, एवढंच. मोर्स कोड, ती टिंब-रेघांची भाषा, वरच्या जनरल ग्रेडला लागतो. अर्ज खात्याच्या सरल संचार पोर्टलवर. पास झालं की आपल्या नावाचं कॉल साइन, म्हणजे रेडिओवरची आपली ओळख, मिळतं, व्हीयू ने सुरू होणारं, आणि १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर हातातला सेट राजरोस वापरता येतो. अंतराळ स्थानकावरून हॅमसाठी जे पाठवतात ते १४५.८०० वर गच्चीवरून ऐकू येतं, रबराचा छोटा अँटेना असला तरी, फक्त स्थानक डोक्यावरून जाण्याची वेळ बघून उभं राहायचं.

आणि संकटात यांचा उपयोग होतो का, तर आपल्याच गुजरातेत २००१ च्या भूजच्या भूकंपात फोन बंद पडले तेव्हा हॅमवाले सेट घेऊन तिथे पोहोचले होते. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांची टीम अंदमानात हॅमच्याच मोहिमेवर होती, सुनामी आली आणि बेटांवरच्या माणसांचे निरोप याच मंडळींनी बाहेर पोहोचवले. ही माणसं पोलिसांचं चोरून ऐकत नव्हती, स्वतःच्या लायसनवर स्वतःच्या फ्रिक्वेन्सीवर उभी होती, म्हणून प्रशासनाने त्यांना सोबत घेतलं.

फोन चालू असेल तर ११२, १०८, १०१ आहेतच, मी बोलतोय ते फोन मेल्यानंतरचं.

भाच्याने सेट परत पाठवला, थोडा रुसला. लायसन येईपर्यंत कान तयार व्हावा म्हणून मी त्याला नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाचा इंटरनेटवरचा रिसीव्हर दाखवला, कॉम्प्युटरवरच हॅम लोकांच्या गप्पा ऐकता येतात, कॉल साइन कसं सांगतात, समोरच्याचं संपेपर्यंत कसे थांबतात ते कळतं. आता रात्री तेच चालू असतं त्याचं आणि वहीत कॉल साइन लिहून ठेवतो.

माझी विनंती एवढीच, बडोद्यात जे कुणी लायसनवाले हॅम असतील त्यांनी पावसाळ्याआधी एखाद्या रविवारी कमाटीबागेत आपला सेट घेऊन बसावं आणि मुलांना दाखवावं, तारीख आपल्या पेपरात छापा, मी भाच्याला आणि त्याच्या सोसायटीतल्या चार पोरांना घेऊन येतो.

आपला,
एक जुना वाचक, दांडिया बाजार, बडोदा