एक नोव्हेंबरला नको, जानेवारीत ये

मिसिसागा (कॅनडा), २८ सप्टेंबर २०२५

चि. मकरंद यास अनेक आशीर्वाद.

नोकरी ओंटारियोत, तीही आमच्यापासून अर्ध्या तासावर, ही बातमी बाबांनी अख्ख्या बिल्डिंगला सांगून झाली. नातीला मांडीवर घ्यायची घाई मलाही आहे. तरी एक नोव्हेंबरला रुजू होऊ नकोस, जानेवारी मागून घे.

प्रांताचा आयकर तू वर्षभर कुठे राबलास ते बघत नाही, ३१ डिसेंबरला कुठे राहत होतास ते बघतो. नोव्हेंबरात आलास की सबंध वर्षाच्या पगारावर ओंटारियोचा कर. आत्ताच्या कंपनीने मात्र दहा महिने तुमच्या अल्बर्टा प्रांताच्या हिशेबाने कापलेला असणार, म्हणजे फरक एप्रिलमध्ये खिशातून. नुसता पहिल्या टप्प्याचा दर बघून फसू नकोस: इथे ५.०५ टक्के, तिथे यंदा ८. पण तिथे २२,३२३ डॉलरपर्यंत कर नाही, आणि बायकोला उत्पन्न नसेल तर तिच्यापोटी आणखी तेवढीच सूट. इथे तुझी सूट १२,७४७ ची, केतकीपोटी त्याहून कमी, वर आरोग्याचा प्रीमियम वेगळा. तुझा पगार ऐंशी हजार धरून मी मांडून बघितलं, दीड हजाराच्या आसपास फरक येतो. दोन महिने लवकर यायला एवढे मोजायचे?

तुझा मित्र म्हणतो ना, ओंटारियोत मुलांचा वेगळा भत्ता असतो? असतो, पण तुमच्या वाट्याला येणार नाही. एका मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त १,७२७ डॉलर. घरचं उत्पन्न २६,३६४ च्या वर गेलं की पुढच्या प्रत्येक डॉलरमागे आठ सेंट कमी, अठ्ठेचाळीस हजारांशी सगळं संपतं. पुढे केतकी कामाला लागली आणि छोटी पाळणाघरात गेली, की त्या खर्चावर इथे प्रांताची सवलत आहे. ते तेव्हा बघू.

खरा पैसा केंद्राच्या भत्त्यात आहे. सहा वर्षांखालच्या मुलाला वर्षाला ७,९९७ पर्यंत, त्यावर कर नाही. ३७,४८७ नंतर एका मुलासाठी सात टक्क्यांनी घटतो. घरचं उत्पन्न ऐंशी हजार धरलं तर महिन्याला ४१८ च्या आसपास पडतात. आरआरएसपीत, म्हणजे निवृत्तीच्या बचत खात्यात, पाच हजार टाकलेस तर कर वाचतोच, शिवाय पुढच्या जुलैपासून भत्ता वर्षाला साडेतीनशेने वाढतो. हे कोणी सांगत नाही.

आणि यातच तू पाचर मारून ठेवली आहेस. 'केतकीला इथे पगारच नव्हता' म्हणून तिचं २०२४ चं रिटर्न भरलं नाहीस. अरे, उत्पन्न शून्य असलं तरी दोघांचं रिटर्न लागतं, नाहीतर भत्ता अडकतो. अर्जही तुझ्या नावाने नाही, तिच्या नावाने करायचा. मूल आईबापांजवळच असेल तर सरकार आईलाच धरतं, आणि ते बरोबर आहे. १९९६ साली तुझ्या वेळचा चेक माझ्या नावाने आला तेव्हा माझं बँकेत खातंही नव्हतं. त्या चेकसाठी उघडलं, आजही तेच चालू आहे. केतकीचंही वेगळं खातं असू दे. तुमच्या जॉइंट खात्यात तो पैसा वाणसामानात कुठे जिरेल कळणार नाही.

तिला येऊन दोन वर्षं व्हायचीत, म्हणून 'आरसी ६६' या भत्त्याच्या अर्जासोबतचं जोडपत्रही भरावं लागेल. त्यात येण्याआधीचा पुण्याचा पगार दाखवायचा. त्याने यंदाचा भत्ता थोडा घटेल, पुढच्या जुलैपासून सुधारेल. लपवायचा अजिबात नाही.

शनिवारी व्हिडिओवर बसू. तोवर तिला फॉर्म १६ शोधून ठेवायला सांग. तो एप्रिल ते मार्च असतो आणि आपल्याला जानेवारीपासून ती विमानात बसेपर्यंतचा आकडा हवा, तेव्हा त्या महिन्यांच्या पगाराच्या स्लिपाही काढा. रुपयांचे डॉलर मी करते, तू त्यात हात घालू नकोस.

तुझी,
आई