बाबू, एकट्यासाठी पण तवा ठेवत जा

बाबू,

हे मोबाईलमध्ये बोलून लिहून रायली. टाइप कराले बसली तं सांज होईन, आणि हा मोबाईल आपली बोली अर्धीच समजते, म्हून कुठं भलतंच उमटलं तं तुझं तू समजून घे. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू "हो आई, बरोबर आई" करून ठेवून देतो. लिहिलेलं तरी दोनदा वाचशील.

परवा तू म्हटलं का भाकर फाटते, आणि एकट्यासाठी एवढा कुटाणा कोण करते, नूडल्सचं पाकीट बरं. आणि त्याच दमात म्हटलं का दिवाळीले येत नाई, गावात सगळे पोलीस भरतीचं विचारतात. तुले ह्या दोन वेगवेगळ्या गोष्टी वाटल्या असतील, मले तं एकच वाटली.

पहिले भाकरीचं पाहू, ते सोपं आहे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतेच, म्हून थंड पाण्यात भिजवली तं ती फाटणारच, त्यात तुझ्या हाताचा काही दोष नाई. पाण्याले चांगली उकळी येऊ दे, कोपरात, म्हणजे परातीत, पीठ घे, मधात खड्डा करून पाणी ओत, चमच्यानं फिरव आणि हाताले सोसवलं का मळाले घे. मळाचं म्हणजे तळहाताच्या खालच्या भागानं रगडाचं, बोटांनी कुरवाळून काही होत नाई. एका भाकरीचंच पीठ एका वेळी मळ. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरव आणि ते पुरतं सुकाच्या आधी पलटव, सुकलं का भेगा पडल्याच समज. आणि दळण जुनं नको. किलो-दोन किलोच दळून आण, महिनाभर ठेवलेल्या पिठाची विरी जाते, मंग कितीही गरम पाणी घाल. तिकडं मालदांडी भेटत असेल, सोलापूरकडची रब्बीची ज्वारी, पांढरी असते आणि भाकर गोड होते. आपल्याकडची खरिपाची हायब्रीड, कणसावर पाऊस पडला का दाणा काळा पडते, आणि आता तं तीही कोणी पेरत नाई. रानडुकरं, पाखरं, कापणीले माणूस नाई, सगळ्याच्या वावरात सोयाबीन आणि पऱ्हाटी. दारव्ह्याच्या बाजारातून ज्वारी विकत आणाव लागते, तुझे आजोबा असते तं दुकानदारालेच दोन शिव्या दिल्या असत्या त्यांनी.

संगं चून कर, तिकडं पिठलं म्हणतात ते. एकट्याले एक मूठ बेसन पुरते. ते आधी वाटीत पाणी घालून पातळ करून घे, गाठी मोडून टाक. गंजात, म्हणजे पातेल्यात, तेल, मोहरी-जिरं, लसण ठेचून, हिरवी मिरची, एक कांदा, हळद, मंग ते बेसन हळूहळू सोड आणि सराट्यानं हलवतच राय. फोनकडं पाहू नको तेवढा वेळ. घट्ट झालं का झाकण ठेवून वाफ काढ, कच्चं रायलं तं पोट दुखते. वरून सांभार. तुमच्या तिकडं सांभार मागितला तं दुकानदार इडलीवाला मसाला काढून देईन, म्हून कोथिंबीर म्हण. वीस-पंचवीस मिनिटांचं काम आहे सगळं मिळून, तेवढा वेळ तू रीलच पाहतो.

आता एकट्यासाठी कोण करते म्हणतो त्याचं.

आपल्या घरात पहिली भाकर गाईची, मंग बाबांची, आजोबांची, तुम्हा पोट्ट्यांची, आणि शेवटची जी वाकडी किंवा एका बाजूनं करपलेली ती आजीची आणि मंग माझी. कोणी कोणाले सांगितलं नव्हतं, तसंच चालू होतं. आता बाबा सकाळीच डबा घेऊन वावरात जातात, तू तिकडं पुण्याजवळ चाकणले, ताई तिच्या घरी. मी शाळेतला स्वयंपाक आटपून दुपारी घरी येतो तं घरात एकटीच. पहिले पहिले सकाळची थंडी भाकर पाण्यात भिजवून उभ्या उभ्याच खाऊन टाको. मंग एक दिवस वाटलं का चूल तं माझीच, पीठ माझं, भूक माझीच, मंग गरम भाकर काहून माझी नाई. आता एक भाकर करतो, फुगलेली, ताटात घेतो, लोणचं वाढतो आणि बसून खातो. शेजारची काकू दारातून पाहून म्हणे, एकटीसाठी चूल पेटवली का वं? म्हटलं हो, घरात पाहुणी आली ना. ती हसली पण आता तिनंही सुरू केलं, मले तिच्या घरातून दुपारचा फोडणीचा वास येते.

तर तू काय करतो, गंजातूनच खातो, तेही उभ्यानं, मोबाईल पाहत. कोणी पाहुणा आला असता तं त्याले असं दिलं असतं का? तुझ्या रूममध्ये दोन ताटं आहेत, मी स्वतः बॅगेत भरली होती.

आणि बाबू ते दोन सेंटीमीटर. मले माहीत आहे तुले बोलाचं नसते त्यावर, पण मी बोलणार आहे. भरतीले 165 लागते, तू 163 भरला. त्याआधी दीड वर्ष तू पहाटे उठून त्या बाभळीच्या फांदीले लटकत होता, ती महागाची पावडर दुधात घेत होता, बाबांना न सांगता घेतली ते पण मले माहीत आहे, आणि डॉक्टर तं साफ म्हणाले होते का बावीस वर्षांच्या माणसाची हाडं आता लांब होत नसतात. 1600 मीटर तू गावातल्या सगळ्या पोट्ट्यांच्या पुढं पळत होता, पण पळायची पाळीच आली नाई, उंची-छाती पहिले मोजतात, तिथूनच परत पाठवलं. आणि तू मले मेसेज काय केला, "आई मी नापास". कशात नापास रे? तुझे बाबा तेवढेच आहेत, आजोबा त्यांच्याहून बुटके होते आणि पोतं पाठीवर घेऊन बाजारापर्यंत चालत जात. हे अंग तू काही दुकानातून निवडून आणलं नाई का बदलून भेटत नाई म्हून रडशील.

नियम कसा असते ते मी रोज पाहतो ना. शाळेत पहिली ते पाचवीच्या लेकराले 100 ग्राम तांदूळ, सहावी ते आठवीच्याले 150. हिशेब बरोबरच आहे, सरकारले कुठंतरी रेघ ओढावच लागते, नाई तं पोतं कधी संपलं ते कोणाले कळणार. पण चौथीत एक पोट्टा आहे, काडीसारखा, तो खिचडी तीनदा मागते, आणि आठवीतला एक आडवा-तिडवा गडी अर्धं ताट ठेवून उठून जाते. 100 ग्रामवाल्याची भूक काही खोटी नसते. मी त्याले वाढतो तेव्हा तो लाजत नाई, ताट पुढं करते सरळ. तुझं पण तसंच आहे, भरतीची रेघ भरतीपुरती. ती चाकणच्या कंपनीत तुले कोणी लावत नाई, रूमवर तं नाईच नाई, तिथं तूच टेप घेऊन स्वतःच्या मागं लागला आहे.

मले असं नाई म्हणायचं का तुले वाईट वाटू नये. वाटू दे, मलेही वाटलं, मी तं त्या दिवशी दोन वेळा वरणात मीठ घातलं. वर्दी तुले शोभली असती. पण वाईट वाटणं वेगळं आणि स्वतःले शिक्षा देणं वेगळं, तू उपाशी झोपतो ते दुसऱ्यातलं आहे. कॉन्ट्रॅक्टची नोकरी आहे म्हून मी काही नाई, उंची नाई म्हून मी काही नाई, अन् काही नाई त्याच्यासाठी भाकर कशाले थापायची, असा तुझा हिशेब चालू आहे, तू मान का नको मानू.

डब्याचंही ऐकलं मी. कॅन्टीनमध्ये भाकर काढली तं कोणीतरी हसलं म्हणे. हसू दे. शेगावले महाराजांच्या नैवेद्यात पिठलं-भाकर असते, अंबाडीची भाजी असते, हजारो माणूस रांगेत उभं राहते. त्या हसणाऱ्याले एक घास देऊन पाह, ठेच्यासंगं, मंग उद्या तोच तुझा डबा शोधत येईन. आणि नाई आला तं तुलेच पुरते.

खालच्या आळीतला एक पोट्टा पुढच्या आठवड्यात तिकडं येऊन रायला, त्याच्याजवळ मुंगवड्या, जवसाची चटणी आणि वाळवलेली अंबाडी देतो. मुंगवड्या आधी तेलात लाल परतून घे, मंग रश्श्यात टाक. चटणीचा डबा ओल्या चमच्यानं उघडू नको, गेल्या वेळी बुरशी आली होती.

आणि दिवाळीले ये. ट्रॅव्हल्सचं तिकीट आताच काढ, नंतर दुप्पट घेतात ते लोक. कोणी विचारलं तं सांग का दोन सेंटीमीटर कमी भरलो, आता चाकणले आहे, आणि मंग त्यालेच विचार का सोयाबीन काय भाव गेलं, तो अर्धा तास त्यावरच बोलत बसते. बाबा स्वतःहून फोन करणार नाई, तू कर, रात्री आठनंतर, त्याआधी ते मोटर चालू कराले जातात.

तुझी आई